चौदा नंबर आणि एकतीस नंबर

४ फेब्रुवारी, शनिवार

“ज्याला काही म्हणजे काहीच माहीत नाही असं माणूस हवंय,” ताई जेवताना म्हणाली. आणि आई, आत्या, ताई — तिघींनी एकदम माझ्याकडे बघितलं!

बरोब्बर. नववीत शाळा सोडलेली या घरात मी एकटीच.

ताईची भानगड अशी. ती पदव्युत्तर शिकतेय — मानसशास्त्रात संशोधन कसं करायचं, त्याच्या पद्धती. आत्या शेजाऱ्यांना सांगते, वेड्यांची डॉक्टर होणार. ताई दर वेळी कपाळाला हात लावते. “आत्या, मी कुणाला बरं करत नाही. मी मोजायला शिकते. माणसाच्या मनातलं कसं मोजायचं ते.” आत्या म्हणते, “मोजायला तर तुझी आईपण शिकलीय. गळ्यात टेप आहे तिच्या. दोन वर्षं नाही लागली.”

ताईने चाळीस मुलांच्या फिल्म काढल्यात. आठ-आठ वर्षांची, एकाच शाळेतली. शाळेच्या वाचनालयात प्रत्येकाला एका अनोळखी बाईसमोर पाच मिनिटं बसवलं. आता फिल्म बघायची आणि मूल किती घाबरलंय त्याला शून्य ते दहा आकडा द्यायचा. ताईने तिचे आकडे दिलेत. पण एकीच्या आकड्यांवर कुणी विश्वास ठेवत नाही म्हणे. दुसऱ्या कुणीतरी वेगळे द्यायचे, पहिलीचे न बघता. दोघींचं जमलं तर खरं. तिची मैत्रीण देणार होती, ती नोकरी लागून दुसऱ्या गावी गेली. पंधरा मार्चला प्रबंध द्यायचाय. मुदत एकदा वाढवून झालीय, आता वाढणार नाही. नाही दिला तर दोन वर्षं पाण्यात.

“तू यातून काय शोधतेयस?” मी विचारलं.

“तेच तर तुला सांगायचं नाही!”

ठीक. नका सांगू.

५ फेब्रुवारी, रविवार

लॅपटॉप आईच्या मशीनशेजारी ठेवलाय, इस्त्री आणि दोऱ्यांच्या डब्याच्या मध्ये. फिल्म आवाज बंद करून बघायची. ताईचा नियम आहे तो. मूल काय बोलतं त्याने आपण फसतो, अंगाकडे बघ म्हणाली.

आवाज बंद! शाळेत मला म्यूट म्हणायचे. म्यूटला म्यूटचं काम मिळालं.

“पेन्सिलने लिही, खोडता येईल,” ताई म्हणाली. मी पेन घेतलं.

७ फेब्रुवारी

आज नऊ मुलं आणि पाच पँटी. पँटची लांबी कमी करणं सोपं आहे. खडूने जिथे खूण केली तिथेच राहते. मुलं पहिल्या मिनिटाला दोन, तिसऱ्या मिनिटाला सात, मग परत तीन.

चौदा नंबरची मुलगी. गणवेश सगळ्यांचा तोच, निळा फ्रॉक. पण हिच्या फ्रॉकची दुमड उसवून लांबी वाढवलीय. जुन्या घडीची पांढुरकी रेघ दिसते आणि तुरपाई काळ्या दोऱ्याने! निळ्यावर काळा! पाय हलवते तेव्हा डावीकडे चार बोटं उसवलेलं लोंबतं. पाय सारखे हलतात, पण बाईंकडे सरळ बघते. बाईंचं पेन खाली पडलं तर वाकून दिलं. हिला पाच. नवीन बाईंसमोर कुणीही घाबरेल तेवढीच.

मुलांना वाटतं मोठी माणसं तोंडाकडे बघतात. म्हणून तोंड सांभाळतात. पायांना कुणी काही सांगितलेलं नसतं.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

एकवीस नंबरचा मुलगा पाच मिनिटं अखंड बडबडला. हात, मान, भुवया, सगळं चालू. मी नऊ दिले. तो घाबरून बोलत होता. एकदा थांबला असता तर रडला असता. मला कळतं ते. कसं कळतं विचारू नये.

एकतीस नंबरची तुरपाई कुणी केली देव जाणे. परत काळा दोरा! त्या शाळेजवळ एकच शिंपी असावा आणि तोही आंधळा. पाच.

काम करताना शाळा आठवते. यायला नको होती आठवण, पण येते. पाचवीत मी नवीन शाळेत गेले. पहिल्या आठवड्यानंतर वर्गबाईंनी मला कधीच काही विचारलं नाही. वाचन फिरत फिरत माझ्या बाकापाशी आलं की म्हणायच्या, “हिला राहू दे.” चार वर्षं सगळ्यांनी राहू दिलं. मला वाटायचं, काय हुशार बाई! आठवड्यात ओळखलं मला. मग नववीत नवे सर आले, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. म्हणाले, उठ, वाच. उठले. आवाज आलाच नाही. पुस्तकातली ओळ मला अजून दिसते. तासभर उभं केलं. मागून कुणीतरी म्हणालं, “सर, रिमोट कुठेय?” सगळा वर्ग हसला. सरसुद्धा.

दुसऱ्या दिवशी गेले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आई म्हणाली, बस मशीनवर. बसले.

आत्या सगळ्यांना सांगते, “ही जन्मापासूनच अशी.” असेन.

१३ फेब्रुवारी

संपले चाळीस!

ताईने तिचे आणि माझे आकडे कॉम्प्युटरमध्ये घातले. दोघींचं अगदी जुळलं तर एक येतो, काहीच नाही जुळलं तर शून्य. निदान पॉइंट सात यायला हवा.

आला पॉइंट चार एक.

ताईने पडद्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. जसं काही मी तिच्या नव्या कपड्याला कात्री लावली.

१४ फेब्रुवारी

आज “चर्चा” झाली. असा नियम आहे म्हणे. जिथे जमत नाही तिथे दोघींनी बसून चर्चा करायची आणि एकमत करायचं.

चर्चा अशी. ताई बोलणार. मी गप्प. माझं गप्प म्हणजे हो. ताई माझा आकडा बदलणार.

“एकवीस नंबरला नऊ? अगं, किती मोकळा मुलगा आहे तो! दोन लिहू?”

मी गप्प.

“लिहिते हं दोन.”

“नाही.”

ताई दचकली. मीपण!

“नाही म्हणजे?”

“नऊ. तू बदलायचं तर तुझा बदल.”

“मी दोन वर्षं हेच शिकलेय. तू दहा दिवस बघितलंस.”

“मग मला कशाला बसवलंस?”

तेव्हा रागाच्या भरात ताईने तिचा कागद माझ्यापुढे आपटला. त्यावर अर्धी नावं पिवळी, अर्धी पांढरी. त्या शाळेतल्या बाईंनी आधीच खुणा करून दिल्यात — पिवळी मुलं लाजरी, पांढरी नाहीत. लाजऱ्या मुलांना अनोळखी माणसाची जास्त भीती वाटते, हे ताईला दाखवायचंय. तिच्या आकड्यांत ते लख्ख दिसतं. पिवळ्यांना सात, आठ, नऊ. पांढऱ्यांना दोन, तीन.

माझ्या आकड्यांत काहीच दिसत नाही. पिवळ्यातही घाबरलेली, पांढऱ्यातही घाबरलेली.

“अकरा आकडे फक्त,” ताई म्हणाली. एकदम हळू. “अकरा बदललेस तरी जमतंय. मुदत माहितेय ना तुला?”

माहितेय. ताईचे डोळे सुजलेत तेही दिसतंय. पण एकवीस नंबरचा मुलगा मोकळा नव्हता! त्याच्याकडे बघून सगळे हेच म्हणणार, जन्मभर. निदान एका कागदावर तरी नऊ राहू दे.

ताई बाहेर गेल्यावर माझ्या आकड्यांची चारही पानं एकावर एक ठेवली आणि मशीनवर शिवून टाकली. कडेने, दुहेरी टीप, जाड दोरा. आता पान बदलायचं तर उसवावं लागेल, आणि उसवलेलं दिसतं. लपत नाही.

आई बघत होती. म्हणाली, “सुई मोडेल.”

मोडली नाही.

१५ फेब्रुवारी

ताई बोलत नाही. आत्या म्हणते, “एक बोलत नव्हती ते पुरे नव्हतं का!”

१६ फेब्रुवारी, गुरुवार

लॅपटॉप अजून मशीनशेजारीच. माझं काही चुकलंय का बघावं म्हणून सकाळी परत फिल्म लावल्या. तो पिवळा-पांढरा कागदही तिथेच पडला होता.

चौदा नंबर लावला. काळा दोरा. डावीकडे चार बोटं उसवलेलं. तिसऱ्या मिनिटाला बाईंचं पेन पडलं, हिने वाकून दिलं.

मग एकतीस. काळा दोरा. चार बोटं उसवलेलं. तिसरं मिनिट. पेन पडलं!

परत चौदा. परत एकतीस. सहा वेळा बघितलं.

एकच मुलगी आहे! एकच फिल्म, दोन नंबर!

मी दोन्हीला पाच दिलेत. तीन दिवसांच्या फरकाने, न ओळखता, दोन्ही वेळा पाच.

ताईचा कागद बघितला. चौदा नंबर पिवळा. आठ. एकतीस नंबर पांढरा. दोन.

तीच मुलगी. तेच पाय. आठ आणि दोन.

सुरुवातीला हसू आलं. मग हसू गेलं. कारण हे सांगायला हवं, आणि सांगणार कोण? म्यूट!

१७ फेब्रुवारी

नाही सांगितलं. दोनदा ताईच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. आतून टाईप केल्याचा आवाज. ती तो प्रबंध त्याच आकड्यांवर लिहितेय.

१८ फेब्रुवारी, शनिवार

सांगितलं!

बोलले नाही. ताईच्या पुढ्यात लॅपटॉप ठेवला, आधी चौदा लावला, मग एकतीस, आणि फ्रॉकच्या दुमडीवर बोट ठेवलं.

ताई आधी चिडून बघत होती. मग पेन पडलं तशी तिने मान पुढे केली. मग तिने स्वतःच मागे नेऊन परत लावलं. मग तोंडावर हात.

कॅमेऱ्याच्या कार्डावरून लॅपटॉपमध्ये घेताना एकच फिल्म दोन नावांनी उतरवली तिने. खऱ्या एकतीस नंबरच्या मुलीची फिल्म कार्डावरच राहिली आणि कार्ड पुसून पुढच्या वर्गाला वापरलं. ती मुलगी गेलीच.

“ही चूक होते गं,” ताई म्हणाली. “एक मूल कमी. एकोणचाळीस. ते चालतं.”

मी तिच्या कागदावर बोट ठेवलं. आठ. मग दोन.

“ते... दीड महिन्याच्या फरकाने बघितलंय मी. दोन्ही दिवस वेगळे होते.”

“माझेपण वेगळे होते.”

मग ती उसळली. “तुला काय हवंय? माझं वाटोळं झालेलं हवंय? तू शाळा सोडलीस म्हणून मीपण सोडू?”

आई मशीन थांबवून म्हणाली, “ए! तोंड सांभाळ.”

मला रडू येणार होतं. नाही रडले. म्हणाले, “तू मुलगी बघितलीच नाहीस, ताई. रंग बघितलास.”

एवढं लांब वाक्य मी या घरात कधी बोलले होते कुणास ठाऊक! आत्याने पंखा बंद केला. नीट ऐकू यावं म्हणून असेल.

१९ फेब्रुवारी

ताई दिवसभर गच्चीवर. जेवायला आली नाही. आईने ताट वर नेलं, भरलेलं परत आणलं.

मी काय केलं हे? बरोबर असून पण इतकं वाईट वाटतं?

तरी टीप उसवली नाही.

२० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी ताई चहाचा कप घेऊन मशीनपाशी उभी. “मी मॅडमना सगळं सांगणार आहे. त्या म्हणतील प्रबंध रद्द, तर रद्द.” मॅडम म्हणजे तिच्या मार्गदर्शक. सगळा विभाग त्यांना टरकून असतो.

“बरं,” मी म्हणाले.

“तुला यावं लागेल. दुसरी मोजणारी लागते समोर.”

चहा माझ्या मापाच्या वहीवर सांडला. पुढच्या पानांवरच्या लोकांच्या कंबरा पुसट झाल्या. मागची माझी ही रोजनिशीची पानं ठीक आहेत.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

लांबलचक बोळ, दोन्हीकडे बंद दारं, दारांवर पाट्या. हातात पुस्तकं घेतलेली माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी मुलं. मला वाटलं सगळ्यांना दिसतंय — ही नववी!

मॅडम बारीक, पांढरे केस, चष्मा दोरीला. ताईने सगळं सांगितलं. एकही सबब नाही. मग माझे कागद पुढे केले. मॅडमनी उचलले, एक पान सुटं करायला गेल्या, सुटेना.

“हे कुणी शिवलंय?”

ताई तोंड उघडत होती. मॅडमनी हात वर केला. माझ्याकडे बघितलं.

आणि झालं. नववीतलं. पुस्तकातली ओळ डोळ्यांपुढे. आता त्या म्हणणार, राहू दे. किंवा म्हणणार, उठ, बोल!

काहीच म्हणाल्या नाहीत. चष्मा काढून पुसायला लागल्या. घड्याळ बघितलं नाही. मी बघितलं, त्यांच्या मागच्या भिंतीवरचं. एकवीस सेकंद.

“मी,” मी म्हणाले. “कुणी बदलू नये म्हणून.”

“कोण बदलणार होतं?”

मी ताईकडे बघितलं नाही. “कुणी का असेना. म्हणून तर शिवलं.”

मॅडम हसल्या! मग फ्रॉकचं विचारलं. ते मी धडाधडा सांगितलं. दुमड, जुनी घडी, काळा दोरा. कपड्याचं मला बोलता येतं. त्या म्हणाल्या, “वीस वर्षं मी मुलांना सांगतेय, मोजणाऱ्याला गट कळू देऊ नका. त्याचं असं उदाहरण मला कधी सापडलं नाही. तू कुठे शिकलीस?”

“मशीनवर.”

निकाल असा. ताईचे आकडे बाद. सगळे. माझे राहणार. दुसरं कुणीतरी परत बघणार, ज्याला रंग माहीत नाहीत. मुदत तीच, पंधरा मार्च! तिला परिषदेत निबंध वाचायचा होता, तो गेला.

येताना ताई बोळात म्हणाली, “धडाधडा बोललीस गं.” मी म्हणाले, “आकडा देऊ नकोस.”

२ मार्च

एक माणूस मिळाला. मॅडमच्या विभागातल्या वाचनालयातले शिपाईकाका! त्यांना काहीच माहीत नाही आणि कुणाचं ऐकतही नाहीत. त्यांनी एकोणचाळीस बघितले. माझं त्यांचं पॉइंट सात आठ!

एकवीस नंबरला त्यांनी आठ दिले. म्हणाले, “हा पोरगा बोलतोय कुठे, पळतोय.”

मी घरी येऊन एकटीच नाचले. आई म्हणाली, मशीन हलतंय.

९ मार्च

फरक सापडला नाही. पिवळी मुलं, पांढरी मुलं, भीती जवळजवळ सारखीच. ताईला जे दाखवायचं होतं ते गेलं.

ती आता नवीन प्रकरण लिहितेय. स्वतःच्या आकड्यांवर! चौदा नंबर, एकतीस नंबर, आठ आणि दोन — सगळं छापणार आहे. मी म्हणाले, “लोक हसतील.” ती म्हणाली, “हसू देत. तुला हसले होतेच की.”

रात्रंदिवस तेच टाईप करतेय. आत्या तिच्या तोंडात घास घालते आणि म्हणते, “वेड्यांची डॉक्टर म्हटलं होतं, त्यात काय चुकलं?”

१५ मार्च, बुधवार

दिला! बारा वाजायला दहा मिनिटं असताना. पहिल्या पानावर दुसऱ्या मोजणारीचे आभार आहेत. शिक्षण लिहिलेलं नाही. मी बघितलं.

२० मार्च, सोमवार

दुपारी आई कापड आणायला गेलेली. ताई माझ्याशेजारी बसून सुईत दोरा ओवत होती. तिला जमत नाही. तोंड खालीच होतं.

“तू पाचवीत होतीस ना, पहिल्याच आठवड्यात तुझ्या वर्गबाईंनी मला मधल्या सुट्टीत बोलावलं होतं. ‘तुझी बहीण घरीपण अशीच गप्प असते का?’ मैत्रिणी थांबल्या होत्या गं. मी ‘हो’ म्हटलं आणि पळाले. हे लिहिताना आठवलं. घरी तर तू मला झोपू द्यायची नाहीस. एक गोष्ट संपली की दुसरी.”

म्हणजे बाईंनी मला ओळखलं नव्हतं, ताईला विचारलं होतं.

मी दोरा तिच्या हातातून घेतला, ओवला, परत दिला. आणि आता इथे लिहितेय. नव्या शाळेत पहिल्या आठवड्यात गप्प बसलेली, पाचवीतली ती मुलगी. नवीन बाईंसमोर कुणीही घाबरेल तेवढीच.

पाच. पेनाने.